लंकाबाईंचा आजार आणि शेजाऱ्याचा फोन

मित्रांनो, सोनईजवळच्या एका गावच्या दवाखान्यात भिंतीला पाठ लावून उभं असलेलं जुनं लोखंडी कपाट म्हणजे मी. तीस वर्षं गावाचे केसपेपर मी पोटात ठेवले. कुणाचा ताप, कुणाची शुगर, कुणाचं घरातही न सांगितलेलं दुखणं. डॉक्टर म्हणायचे, या कपाटाइतकं तोंड मिटून बसणारं गावात दुसरं कुणी नाही. मला त्याचा गर्व होता, कशाला लपवू?

मग कॉम्प्युटर आला. त्याच्यासोबत आलेला कायदाही चांगला होता. रुग्णाची माहिती जपायची, त्याच्या संमतीशिवाय कुणाला दाखवायची नाही. सगळे कागद कॉम्प्युटरात चढले, माझे कप्पे रिकामे झाले आणि माझ्याकडे कुणी फिरकेनासं झालं.

कांद्याच्या रानात मजुरीला जाणाऱ्या लंकाबाईंना क्षयाच्या गोळ्या चालू होत्या. हे डॉक्टर, कंपाउंडर कल्याण आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक होतं. कॉम्प्युटरात नोंद करताना कल्याणने मोबाईल नंबर मागितला. लंकाबाईंकडे मोबाईल कुठला? गावात सगळे करतात तेच त्यांनी केलं, शेजारच्या मच्छिंद्रचा नंबर दिला. फोन कुणाचा, हे कल्याणने विचारलंच नाही.

आठ दिवसांनी त्या नंबरवर मेसेज गेला, लंकाबाईंनी क्षयाच्या गोळ्या न्याव्यात. पुढचं मी दवाखान्यात येणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं. मच्छिंद्रने तो पारावर मोठ्याने वाचला, कुणीतरी त्यांना निरोप द्यावा म्हणून. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून रानातल्या बायका लंकाबाईंपासून लांब जेवायला बसू लागल्या. लाजेने त्यांनी दवाखान्यात येणंच सोडलं. गोळ्या मध्येच सोडल्या की हा आजार उलटतो, हे मी कितीदा ऐकलं होतं. पण मला हाक मारता येत नाही. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

महिन्याने कल्याण स्वतः जाऊन त्यांना घेऊन आला. त्या खोकत होत्या.

"चूक माझी हाय, मावशी," तो म्हणाला. त्याने तो नंबर काढून टाकला, गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

जाताना त्यांनी माझ्या दारावर हात ठेवला. "ह्याला समदं ठावं हुतं. पन ह्यानं कदी कुनाला सांगितलं न्हाई."



उद्या मला न्यायला भंगारवाल्याचा टेम्पो येईल. त्याआधी एक मागणं मागायचंय, मित्रांनो. कॉम्प्युटर खुशाल वापरा, पण कुणाचं दुखणं लिहून घेताना फोन कुणाचा, ते आधी विचारा. नंबर एका बोटाने पुसता येतो. लंकाबाई मात्र रानात अजून एकट्याच जेवतात.