मानेवरचं कमळ

१९७१ साली मी वीस वर्षांची होते, मॅट्रिक पास, आणि उजव्या कानाखाली मानेवर बोराएवढा पांढरा डाग. कोडाचा. त्यापायी दोन स्थळं दारातून परत गेली होती. तिसरं येणार म्हटल्यावर आईनं आपल्याच डोक्यानं उपाय काढला. डागावर फूल गोंदवून टाकायचं, तेही बाबा ड्युटीवर बाहेरगावी असताना.

"तुह्या बाबाले विचारलं तं ते नाहीच म्हनतीन," ती म्हणाली.

लकडगंजकडच्या बाजारात बॅटरीच्या मशीननं गोंदणारा एक जण बसायचा. त्यानं चित्रांचा पुठ्ठा पुढे केला. मला जाईची दोन नाजूक फुलं आवडली, पण त्यांनी डाग झाकला जाईना. गुलाबाला आईनं नाक मुरडलं. सूर्यफूल पार गालापर्यंत जात होतं.

"कमळ घे वं उत्तरा," आई म्हणाली. "आपल्या बुद्धाचं फूल आहे. कोन नाव ठेवन?"

मी आठ पाकळ्यांचं कमळ निवडलं. गोंदवायचं की नाही हे मला कोणी विचारलंच नव्हतं. फूल कोणतं, एवढंच विचारलं, आणि मी मूर्ख त्यातच खूश होते. मशीन लागलं तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, तरी मान हलवली नाही.

पंधरा दिवसांनी, रविवारी, पाहुणे आले. मुलगा केशव सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याचे वडील देवराव म्हणजे वस्तीतलं मोठं नाव. छप्पनला बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून देव, दोरे, ताईत, गोंदण सोडा म्हणून ते घरोघर फिरत. बाबा ड्युटीवरून त्याच सकाळी गाडीनं आले होते, आणि तोवर आईनं मला पदर मानेभोवती घ्यायला लावला होता. माझी मान त्यांनी पाहुण्यांसोबतच पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.



"आनंदरावजी, डागाचं तुम्ही पत्रात लिहिलं होतं," देवराव बाबांना म्हणाले. "केशव म्हने, त्यानं काही होत नाही. आम्ही होकार द्याले आलो होतो. मंग हे काहून? पंधरा वर्षं लोकायले गोंदू नका म्हनून सांगून राहिलो, अन् माह्याच घरात गोंदलेली सून आनू?"

आईला पत्राचं काहीच माहीत नव्हतं. बाबांनी तिला सांगितलं नव्हतं, आणि तिनं बाबांना गोंदणाचं.

केशवनं माझ्याकडे पाहिलं. "कोनी जबरदस्ती केली का तुम्हाले? तसं असन तं सांगा. मी घरच्यायले समजावतो."

चांगला माणूस होता. मला तो तेवढ्यातच आवडला होता. एक शब्द बोलले असते तर लग्न ठरलं असतं. पण दाराशी आई पदराचं टोक पिळत उभी होती, पांढरीफटक.

"नाही," मी म्हणाले. "मले आवडलं म्हनून मीच घेतलं गोंदवून."

चहा तसाच ठेवून ते उठले.

पोरीचं स्थळ डागापायी मोडलं, असं आई मरेपर्यंत सगळ्यांना सांगत राहिली. बाबा गप्प राहायचे, मीही. तिच्यासाठी खोटं बोलले याचा तेव्हा अभिमान वाटला होता. आता नुसता राग येतो, तिचाही आणि माझाही. कारण त्या दिवशी खरं का नाही बोललीस, असं तिनं मला एकदाही विचारलं नाही.