इस्त्री केलेला अर्ज

माझ्या सासऱ्यांना सुरकुती बघवत नाही. गिऱ्हाइकाच्या शर्टावरची तर नाहीच नाही, पण पडद्यावरची, उशीच्या अभ्र्यावरची, इतकंच काय, बोक्याच्या दुपट्यावरचीसुद्धा. बोका म्हणजे माझा लेक, आठ महिन्यांचा. त्याच्या दुपट्यांच्या कडक घड्या बघून मी एकदा म्हटलंही, "बाबा, पाच मिनिटांत ओली होणार आहेत ती." तर म्हणाले, "होऊ देत की. तोवर तरी रुबाबात राहतील."

पुढच्या खोलीत आमचं इस्त्रीचं दुकान आणि मागच्या खोलीत आमचा संसार. मधे एक पडदा, त्यालाही इस्त्री. घरात जे काही घडतं ते इस्त्रीपासून चार पावलांच्या आतच घडतं.

मुंगीचा अर्जही तिथेच घडला आणि तिथेच बिघडला.

मुंगी माझी नणंद. लहानपणी मुंग्यांच्या रांगेमागे रांगत रांगत शेजारच्यांच्या घरात पोचायची, म्हणून मुंगी. आता अकरावीत आहे, पण रांग सुटलेली नाही. दूध उतू का जातं आणि पाणी का जात नाही, हे तिनं मला विचारलं तेव्हा माझं दूध उतू गेलं होतं. तिच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट. काचेतून तीन परीक्षानळ्या दिसतात आणि एक मेलेली पाल.

म्हणून विज्ञानाच्या बाईंनी तो अर्ज आणला तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. सगळी हयात प्रयोगशाळेत काढलेल्या कुणा एका बाईंनी जाताना आपलं होतं नव्हतं ते एका निधीत ठेवलं होतं. ज्या मुलांच्या घरून झेपत नाही, त्यांना दोन वर्षं दर शनिवार-रविवार मोठ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकायला मिळणार होतं. पुस्तकं, पांढरा कोट, बसचं भाडं, दुपारचं जेवण, सगळं त्या निधीतून. आमच्या शाळेला फक्त दोन अर्ज मिळाले होते, दोन्हींवर छापील क्रमांक. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: झेरॉक्स चालणार नाही. खाडाखोड चालणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर अर्ज घेतला जाणार नाही.

'खाडाखोड चालणार नाही' वाचलं आणि मी शहाणपणा केला. स्टेशनरीच्या दुकानातून एक नवलाईचं पेन आणलं. लिहिलेलं पुसता येतं असं. मागच्या रबरानं घासलं की अक्षर गुल, कागद जसाच्या तसा.

अर्जाच्या मधोमध एकच मोठा प्रश्न होता: 'तुम्हाला विज्ञान का शिकायचे आहे?' मुंगीनं एका दमात उत्तर लिहिलं आणि मला वाचायला दिलं. बोका मांडीवर पीत होता. मी एका हातानं कागद धरला, वाचला, आणि म्हटलं, "अगं, इस्त्रीचं कसलं लिहितेस? मोठी माणसं वाचणार आहेत. जरा भारदस्त लिही."

तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग पेन उलटं करून सगळं घासून काढलं. मग आम्ही दोघींनी मिळून 'अखिल मानवजातीच्या कल्याणासाठी' पासून सुरुवात केली.

"वहिनी, मानवजातीत आपण येतो ना?"

"येतो. पण आपलं नाव घ्यायचं नसतं."

गुरुवारी संध्याकाळी बाई आपले कपडे न्यायला दुकानात आल्या. शुक्रवारी सकाळी त्यांचं विमान होतं, बहिणीकडे चालल्या होत्या. इस्त्रीच्या टेबलावरच कागद ठेवून त्यांनी मुंगीच्या हातातलं पेन घेतलं आणि खालच्या चौकटीत शिफारस लिहिली. सही केली. बाबांनीही पालकाच्या जागी सही केली, पण दुकानातल्या बॉलपेननं. कपड्यांच्या चिठ्ठ्यांवर नंबर टाकायचं ते जुनं पेन. दुसऱ्या पेनवर त्यांचा विश्वास नाही.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी अर्ज पाकिटात घालायला म्हणून पलंगावर ठेवला आणि चुलीकडे वळले. एवढंच. वळून बघते तर अर्ज बोक्याच्या दोन्ही मुठींत, आणि एक कोपरा तोंडात.

मी अशी किंचाळले की बोकाही रडायला लागला. बाबा पडदा बाजूला करून आले. चुरगळलेला कागद बघून त्यांच्या चेहऱ्यावर भीती नाही, उत्साह आला.

"एवढंच ना? आण इकडे. कागद काय आणि कापड काय."

वर पातळ सुती फडकं, इस्त्री मंद. दोनदा हात फिरवला, कोपऱ्यावर तिसऱ्यांदा. मग रुबाबात फडकं उचललं.

कागद कोऱ्या नोटेसारखा सरळ होता. आणि तितकाच कोरा. छापील ओळी होत्या, क्रमांक होता, शाळेचा शिक्का होता, पालकाच्या जागी बाबांची वाकडी सही होती. मुंगी तेवढी नव्हती. आणि बाईही नव्हत्या.

बाबांनी हात लांब करून इस्त्रीचं बटण बंद केलं. दुकान उघडं असताना ते बटण बंद झालेलं मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं.

"तू परत लिहिशील गं," मी म्हटलं.

"माझं लिहीन. बाईंचं कोण लिहिणार?"

बाईंना फोन लावला. बंद. त्या ढगात होत्या. मी हळूच म्हटलं, "तुला त्यांचं अक्षर येतं ना? वहीत इतक्यांदा पाहिलंयस..."

"वहिनी!"

बाबा स्टुलावर बसून आपल्या हातांकडे बघत होते. "चाळीस वर्षांत एक कपडा जाळला नाही," म्हणाले. "आणि पोरीचंच जाळलं."

"जळलेलं नाही बाबा," मुंगी म्हणाली. ती कागद खिडकीशी तिरका धरून बघत होती. "तुमची सही कशी राहिली?"

"काय?"

"तुमची राहिली, बाकीची गेली. तुमची त्या पेननं होती." तिनं माझं ते नवलाईचं पेन घेतलं, कागदाच्या पिशवीवर 'मुंगी' लिहिलं आणि इस्त्रीला टेकवलं. इस्त्री अजून गरम होती. मुंगी नाहीशी झाली. तिनं पुन्हा लिहिलं, या वेळी मागच्या रबरानं घासलं आणि रबर पटकन गालाला लावलं. "गरम आहे! वहिनी, हे रबर खोडत नाही. तापवतं!"

"बरं मग?" मला काही कळत नव्हतं, पण तिच्या आवाजात काहीतरी होतं आणि मला ते धरून ठेवायचं होतं.

"उष्णतेनं जातं, तर थंडीनं येईल?"

"आलं तर?"

"आलं तर आलं. बघूया ना."

पिशवीचा तुकडा आमच्या फ्रिजमध्ये वरच्या बर्फाच्या कप्प्यात गेला. तो फ्रिज म्हातारा आहे, त्याचा बर्फही पाणचट. तासाभरानं तुकडा काढला. आधी वाटलं काहीच नाही. मग मुंगीनं तो उजेडात धरला, आणि पाण्यातून मासा दिसावा तसा 'मुं' दिसला. फिका, पण दिसला.

"थंडी पुरत नाही," मुंगी म्हणाली. मग आम्ही दोघींनी एकदमच एकमेकींकडे पाहिलं. आइस्क्रीमवाल्या काकूंचे सहा ॲप्रन दुकानात घडी घालून तयार होते.

बोका कडेवर, ॲप्रन काखेत, अर्ज प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. कोपऱ्यावरच्या दुकानात काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले. "आजवर लोक माझ्याकडे डोकं थंड करायला आले. अर्ज थंड करायला पहिल्यांदाच कोणी आलंय."

"काकू, प्लीज. पाचच्या आत द्यायचाय."

"मी नाही कुठं म्हटलं? व्हॅनिलाच्या डब्याखाली ठेव. तिकडे कोणी हात घालत नाही, मेल्यांना सगळ्यांना चॉकलेटच हवं असतं." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू बस खाली. तोंड बघ कसं झालंय. बाळाला घे आत, पंख्याखाली पाज."

दीड तास मी पंख्याखाली बसले. बोका पिऊन झोपला. मला मात्र सगळं आठवत राहिलं. पेन आणलं कोणी? मी. पलंगावर अर्ज ठेवला कोणी? मी. बाबांनी काय केलं, तर मोडलेलं नीट करायला बघितलं.

तीन वाजता काकूंनी स्वतःच फोल्डर काढलं. मुंगीनं कागद बाहेर ओढला. खालच्या चौकटीत बाईंची शिफारस जशीच्या तशी उभी होती: 'ही मुलगी असे प्रश्न विचारते की घरी जाऊन मला पुन्हा पुस्तक उघडावे लागते.' खाली सही, शेपटीच्या वळणासकट.

मी काकूंना मिठीच मारली. बोका मधे चेंगरला.

"थांब," मुंगी म्हणाली. "हे बघ."

वरच्या भागात मानवजात परत आली होती. पण तिच्या पोटातून, ओळींच्या मधून, अक्षरांच्या अंगावर अक्षरं टाकून आणखी काहीतरी आलं होतं. तिनं घासून काढलेलं ते पहिलं उत्तर. खोडलेलं कुठे गेलंच नव्हतं. दोन उत्तरं एकमेकांत अशी गुंतली होती की एकही धड वाचता येईना. अख्ख्या अर्जात खाडाखोड.

"पुन्हा रबरानं घासू?" मी विचारलं.

"कागद बघ. घासून घासून पापुद्रा झालाय. फाटेल."

घरी आलो. मुंगी टेबलाशी बसली, बाबांचं बॉलपेन घेतलं आणि विचारलं, "कुठलं गिरवू?"

मला विचारत होती. मी त्या गुंत्यात नीट बघितलं, यावेळी दोन्ही हात मोकळे ठेवून. "इस्त्रीचं," मी म्हटलं. "मी वेडी होते तेव्हा."

"तेव्हा फक्त?" ती म्हणाली, आणि कितीतरी वेळानं हसली.

नाव-पत्त्यापासून एकेक अक्षर तिनं गिरवलं. चार वाजले. आता कागदावर बॉलपेनचं एक उत्तर होतं आणि त्याच्यामागे मानवजातीचं भूत. ते घालवायला एकच गोष्ट होती घरात.

"मी नाही हात लावणार," बाबा म्हणाले. "खाली बाईंची अक्षरं आहेत. दोन बोटांचं अंतर नाही मधे. जरा गरम लागलं की पुन्हा गेली."

"बटणाच्या कडेनं इस्त्री फिरवता ना? प्लास्टिकचं बटण कधी वितळलंय तुमच्या हातून?"

"ते बटण असतं गं."

"बाबा, आधी वाचा तर."

बाबांना वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून वाचतात. मी बोक्याला खांद्यावर थोपटत उभी होते, पण माझं लक्ष त्या बोटाकडे होतं. 'आमच्या घरी इस्त्रीचे दुकान आहे. पाणी शिंपडले की सुरकुती लवकर जाते. का जाते, हे माझ्या बाबांना सांगता येत नाही, पण त्यांच्या हाताला ते माहीत आहे. बाबांच्या हाताला जे माहीत आहे, ते मला समजून घ्यायचे आहे.'

बोट शेवटच्या शब्दावर बराच वेळ थांबलं. मग बाबांनी नाक पुसलं, इस्त्रीचं बटण चालू केलं आणि म्हणाले, "सूनबाई, त्या फ्रिजातला बर्फ आण. ताटलीत."

खालची चौकट त्यांनी टेबलाच्या कडेबाहेर काढली, तिच्याखाली मुंगीला बर्फाची ताटली धरायला लावली. चौकटीवर ओल्या फडक्याची घट्ट पट्टी, पण कागद भिजू नये म्हणून मधे फोल्डरचं प्लास्टिक. वरच्या अर्ध्यावर सुती फडकं. इस्त्रीचं नुसतं टोक, कॉलरच्या कोपऱ्यात घालतात तसं. श्वास कुणीच घेत नव्हतं. बोकासुद्धा नाही, निदान मला तरी तसं वाटलं.

एक हात. दोन हात. फडकं उचललं.

वर मुंगी होती, निळी आणि स्वच्छ. मानवजात गेली होती. खाली बाई होत्या, शेपटीच्या वळणासकट.

बाबा मटकन स्टुलावर बसले. मुंगीच्या हातातली ताटली कलंडली आणि सगळा बर्फ त्यांच्या पायावर. "अगं अगं," म्हणत ते हसायला लागले, आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतच राहिले.

पाचला आठ मिनिटं असताना शाळेतल्या कारकुनानं अर्ज हातात घेतला, उलटसुलट बघितला. "अर्जाला एवढी कडक इस्त्री? आणि आइस्क्रीमचा वास कसला येतोय?"

"व्हॅनिला," मुंगी म्हणाली. त्यानं शिक्का मारला. त्या शिक्क्याचा आवाज मला अजून आठवतो. डोक्यावरून कोणीतरी पाण्यानं भरलेला हंडा उतरवून घ्यावा तसं झालं.

महिन्याभरानं पत्र आलं. अकरा शाळांतून बारा मुलं, त्यात आमची मुंगी. बाईंना तिनं सगळं खरं खरं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "शिफारशीत हे लिहायचं राहिलं की गं माझं."

पुढच्या आठवड्यात पांढरा कोट आला, घडीच्या चार रेघा घेऊन. बाबा त्यावर झडपच घालतील असं वाटलं होतं. पण त्यांनी तो आधी उलटा धरून झटकला, एकेक खिसा बाहेर ओढून बघितला आणि पडद्याआडून हाक मारली, "मुंगे, यात कुठलं पेन नाही ना?"

"नाही बाबा!"

"बघ हं. नंतर म्हणशील."

मग बटण लागलं, आणि पाणी शिंपडल्याचा तो ओळखीचा आवाज आला. बोका माझ्या मांडीवर झोपला होता.