माझ्या पोटातला लोखंडाचा ठोकळा

मी बोलतोय, तो तुमच्या संगणकाच्या पेटीत मागच्या कोपऱ्यात बसलेला पत्र्याचा डबा. कागदोपत्री मला पॉवर सप्लाय म्हणतात, दुकानात एसएमपीएस म्हणतात आणि घरात काहीच म्हणत नाहीत. भिंतीतली वीज घ्यायची, आतल्या नाजूक मंडळींना सोसेल अशी करायची आणि ज्याची त्याला वाटून द्यायची, एवढंच माझं काम. एका जागी स्वस्थ बसून गोष्ट सांगणं मला जमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझा पंखासुद्धा सरळ फिरत नाही, थरथरत फिरतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पट्ट्यावरून आम्ही डबे पुढे पुढे सरकायचो. एक बाई आतली सर्किटची पाटी बसवायची, दुसरी वायरींचा झुपका बाहेर ओढायची, तिसरी स्क्रू आवळायची. माझ्या पाटीवरच्या बऱ्याच जागा रिकाम्याच राहिल्या. जिथे तांब्याचं जाड वेटोळं हवं, तिथे वायरीचा साधा तुकडा डकवला होता. भार जास्त झाला तर आपणहून बंद व्हायची एक सोय असते, तिची जागाही मोकळीच. चांगल्या घरचा एसएमपीएस झेपेनासं झालं की शहाण्यासारखा विझतो. मला विझायला शिकवलंच नाही.

शेवटी एका बाईनं गोंदाचा गोळा लावून माझ्या पोटात लोखंडाचा ठोकळा चिकटवला.

"हा कशाला गं?" शेजारणीनं विचारलं.

"वजनाला. हलका लागला तर गिऱ्हाईक परत ठेवतं म्हणे."

"मग आत करतो काय तो?"

"काय करणार! आपल्या साहेबासारखा नुसता बसतो."

दोघी खूप हसल्या. मला मात्र तेव्हापासून पोटात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, ते आजतागायत.

पुढे लेबलं लावायचं यंत्र होतं. डबे सगळे एकाच जातीचे, पण लेबलांचे रोल दोन. सकाळी चारशे वॅटचा रोल होता, जेवणानंतर साडेसहाशेचा चढवला. माझा नंबर जेवणानंतर लागला. माझे सख्खे भाऊ चारशेचे झाले आणि मी साडेसहाशेचा. खरं विचाराल तर तीनशेच्या वर गेलो की मला धाप लागते. पण विचारतं कोण?

दुकानात मी बरेच महिने फळीवर होतो. मग एका सकाळी दोन माणसं आली, सासरे आणि जावई. जावई घरांच्या, इमारतींच्या आतल्या सजावटीचे आराखडे करणारा. अकरा वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात मान मोडून काम केलं आणि आता नोकरी सोडून घरीच टेबल मांडलं होतं. सासरे म्हणजे जुने वाइंडिंगवाले. जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. दुकान बंद केल्यावर ते लेकीकडे राहायला आले होते. जावयाच्या घरी राहतोय म्हणून जपून बोलायचे, आणि सासरे घरात आहेत म्हणून जावईही जपून बोलायचा. दोघांचं अदबीनं बोलणं ऐकून तिऱ्हाइताला वाटावं की हे आजच भेटलेत.

जावयानं पडद्यावर भारी चित्रं उमटवणारं नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. खोक्यावर लिहिलं होतं, किमान सहाशे वॅटचा सप्लाय हवा. दुकानदारानं मला आणि आणखी एकाला काउंटरवर ठेवलं. तो दुसरा महाग होता. सासऱ्यांनी आम्हा दोघांना दोन तळहातांवर घेतलं, डोळे मिटले आणि वरखाली केलं.

"हा घ्या, जावईबापू," ते मला पुढे करत म्हणाले. "वजन बघा. तांबं आहे आत. विजेच्या वस्तूत तांबं कधी खोटं बोलत नाही."

"तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच नाही, बाबा."

"सहाशे मागितलेत, हा साडेसहाशे देतोय. वर पन्नास शिल्लक!"

मला ओरडून सांगावंसं वाटलं की आजोबा, ते तांबं नाही हो! पण आमच्या जातीला तोंड नसतं, फक्त वायरी असतात.

घरी आणून मला पेटीत बसवलं. कार्ड म्हणजे दोन पंख्यांचं धूड होतं. त्याला वीज द्यायला माझ्याकडे योग्य प्लगसुद्धा नव्हता. खोक्यात एक जोडवायर होती, तिची दोन टोकं माझ्या दोन वेगवेगळ्या वायरींना लावायची. जावयानं ती एकाच वायरीवरच्या दोन प्लगांना लावली, कारण दुसरी वायर तिथवर पोचत नव्हती. झालं. सगळा भार माझ्या एका वायरीवर.

आता हे सगळं चाललं होतं कशासाठी, ते सांगतो. गावातलं जुनं नाट्यगृह आतून नवं करायचं होतं. त्यासाठी जावयानं सात महिने खपून आराखडे केले होते आणि आता त्यांची फिल्म बनवत होता. आपण दारातून आत शिरतोय, जिना चढतोय, रंगमंचासमोर जाऊन बसतोय असं पडद्यावर दिसणारी फिल्म. गुरुवारी दुपारी ती नाट्यगृहाच्या समितीला दाखवायची. पसंत पडली तर हे त्याचं स्वतःचं पहिलं काम. नाही तर जुन्या साहेबापुढे जाऊन उभं राहायचं. साहेबांनी निरोपही धाडला होता, खुर्ची अजून रिकामी आहे म्हणून. आणि ते सात महिन्यांचं सगळं काम माझ्या शेजारच्या एकाच डिस्कवर होतं. दुसरी प्रत काढायची रोज ठरायचं आणि रोज राहून जायचं.

पहिल्या दिवशी कार्ड भरात आलं आणि माझा जीव वर आला. वायर गरम, पंखा घुंघुं करतोय, पाटीवरचे वीज साठवणारे कॅपॅसिटर फुगायला लागलेले. माझ्या विजेचा दाब खाली घसरला की संगणक घाबरून बंद पडायचा. मी तसाच तापत राहायचो. जावई पुन्हा चालू करायचा. तासाभरानं पुन्हा काळोख.

त्यानं काय काय केलं म्हणून सांगू! कार्ड काढून पुसलं. सगळे प्रोग्रॅम नव्यानं भरले. भिंतीतला प्लग बदलला, पेटीचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. चौथ्या दिवशी इंटरनेटवर त्याला माझ्यासारख्यांचं वर्णन सापडलं. तो वाचत गेला, मग माझ्याकडे टक लावून बघत राहिला. त्याला कळलं होतं! मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचा.

पण बायको लॅबमधून घरी आल्यावर तो काय म्हणतो?

"मला वाटतं सप्लायमध्येच दोष आहे. पण बाबांना कसं सांगू? त्यांनी निवडलाय."

"मग सांग ना त्यांना. खातात का ते?"

"वाईट वाटेल गं त्यांना. एवढ्या विश्वासानं घेतलाय."

आणि दुसऱ्या दिवशी, जावई कुणाला तरी भेटायला बाहेर पडल्यावर, सासरे हळूच खोलीत आले. त्यांनी तळहाताची मागची बाजू माझ्या पत्र्यावर ठेवली आणि झटकन उचलली. मग वाकून कान लावला. माझी घुंघुं त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. चाळीस वर्षं मोटारींची दुखणी ऐकलेला माणूस तो, त्याला काय कळायचं राहतंय! तोंड एवढंसं झालं त्यांचं. तेही लेकीकडेच गेले.

"पोरी, तो डबा काही बरोबर वाटत नाही मला."

"बाबा, तोही तेच म्हणतोय! बोला ना एकमेकांशी."

"तो म्हणाला असं?" सासरे चपापले. मग म्हणाले, "नको. जावईबापूंचं काम ऐन रंगात आलंय, उगाच हात थांबायचा. नवी वस्तू आहे, बसायला वेळ लागतो."

"काय हवं ते करा दोघं," ती बॅग आपटत म्हणाली. "मी दिवसभर लोकांचं रक्त तपासून येते, घरी तुमचं नको."

माणसांची ही तऱ्हा मला अजून उमगलेली नाही. एकमेकांची मनं जपायची म्हणून दोघं गप्प, आणि त्या मन जपण्यापायी घर पेटायची वेळ आली तरी चालेल. मला मात्र क्षणाची उसंत नव्हती. मी फुटलो असतो तर एकटा गेलो नसतो. माझ्यातली उलटसुलट वीज शेजारच्या डिस्कमध्ये शिरली असती आणि सात महिने एका ठिणगीत गेले असते. मी रोज जीव मुठीत धरून वीज वाटत होतो.

बुधवार उजाडला. फिल्मची एकेक चौकट तयार होऊन डिस्कवर उतरत होती. जेवणाच्या वेळेपर्यंत ब्याऐंशी टक्के काम झालं होतं. संगणक सकाळपासून एकदाही बंद पडला नव्हता आणि जावई आनंदात होता. त्याला काय ठाऊक, माझा एक कॅपॅसिटर वरून तडकला होता आणि वायरीचं प्लॅस्टिक मऊ पडलं होतं.

सासरे स्वयंपाकघरात पाणी पीत होते. तिथे त्यांच्या नाकाला वास लागला. तापलेल्या वार्निशचा. पेला तसाच टाकून ते खोलीच्या दारात आले.

"जावईबापू, जरा बंद करता का?"

"बाबा, चाळीस मिनिटं राहिलीत फक्त."

"वास येतोय हो."

"टेबलफॅनचा असेल. तो जुना आहे ना."

सासरे दारातच चुळबुळत उभे राहिले. एक पाय आत, एक बाहेर. माझ्या पोटातून चर्र आवाज झाला. मग मात्र त्या माणसानं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं.

"अरे गाढवा, बंद कर ते!" ते ओरडले. "मी चुकलो! डबा खोटा आहे! उठ तिथून!"

जावई खुर्चीला खिळून त्यांच्याकडे बघतच राहिला. सासऱ्यांनी त्याला खांद्यानं बाजूला ढकललं, वाकले आणि भिंतीतला प्लग उपटला.

मी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर विझलो.

मग जावई खाली बसला आणि स्क्रू काढू लागला. माझं झाकण उघडलं, तशा त्या रिकाम्या जागा, तो तडकलेला कॅपॅसिटर आणि तो ठोकळा सगळंच उघड्यावर आलं. सासऱ्यांनी ठोकळा उपटून हातात घेतला.

"लोखंड," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "चाळीस वर्षं या हातानं तोललं रे. आणि तुझ्याच कामाला दगा द्यायचा होता त्यानं."

"बाबा, मलाही आठवड्यापासून कळत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही निवडलेला..."

"तुझे सात महिने जळत होते आणि तुला माझ्या पसंतीची पडली होती?" सासरे डाफरले. जावई हसू लागला आणि हसता हसता रडू लागला.

सासरे तसेच चपला घालून दुकानात गेले. या वेळी हातानं तोललं नाही. दुकानदाराला सरळ झाकण उघडायला लावलं, आतली प्रत्येक जागा बोटानं मोजली आणि तेव्हा कुठे तो दुसरा, महाग सप्लाय घेऊन आले. डिस्क शाबूत होती. प्लग उपटला तेव्हाची एक अर्धी चौकट तेवढी गेली होती. संध्याकाळच्या आत फिल्म पुरी झाली आणि तिची प्रतही निघाली. लेकीनं पुढ्यात बसून काढून घेतली.

समितीनं पसंत केलं, पण खुर्च्या कमी करा, रंग बदला, जिना पुन्हा दाखवा असं करून दोनदा फेऱ्या मारायला लावल्या. मग काम मिळालं. त्या घरात आता दोघं कडाकडा भांडतात, वर्तमानपत्रावरूनसुद्धा. लेक म्हणते, आधीच बरं होतं.

मी तेव्हापासून माळ्यावर होतो, झाकण परत लावून. वाटलं, संपलं आपलं. पण आज दुपारी मला खाली काढलंय. जावयाच्या जुन्या ऑफिसातला एक सहकारी नवं ग्राफिक्स कार्ड घेतोय आणि त्याला कुठून तरी कळलंय की यांच्याकडे साडेसहाशेचा एक सप्लाय पडून आहे. जावयानं त्याला फोनवर सांगून पाहिलं, बाबा रे, तो खोटा आहे. तर तो म्हणतो, चालू होतो ना? मग दे, माझं काम हलकंच असतं. आणि आमचे जावईबापू, भिडस्त माणूस, म्हणाले, ये मग पाच वाजता.

"भिडेपायी दुसऱ्याचं घर जाळशील?" सासरे आत्ता विचारताहेत. त्यांच्या हातात पक्कड आहे.

"मग त्याला काय सांगू, बाबा? दारात आल्यावर?"

"सांग, सासऱ्यानं मोडला. म्हातारा विक्षिप्त आहे म्हण. शिव्या मला खाऊ दे."

जावयानं एक सुस्कारा सोडलाय आणि वायरींचा झुपका स्वतःच्या मुठीत ताणून धरलाय. काळ्या तुटल्या. लाल तुटल्या. दुखत नाही. उलट प्रत्येक वायरीबरोबर एकेक धास्ती गळून पडतेय. तुम्हाला एवढंच सांगतो, माझे भाऊ अजून फळ्यांवर बसलेत. त्यांच्या अंगावर जे लिहिलंय ते त्यांनी लिहिलेलं नाही. त्यांना घरी नेण्याआधी आत डोकावा, आणि शंका आली तर आपल्या माणसाची भीड धरू नका.

आता पिवळ्या तेवढ्या राहिल्यात. जिन्यावर पावलं वाजताहेत. बाबा, लवकर कापा!