कोरडी काच

देवानंदने वाळलेल्या दोन्ही निगेटिव्ह स्टुडिओच्या खिडकीशी धरल्या आणि स्वतःची सोडून आधी सहदेवची पाहिली. ताऱ्यांच्या रेघा सुरुवातीला रेखीव होत्या, पुढे धुरकट डागांत विरून गेल्या होत्या. लेन्सच्या काचेवर दव बसलं होतं. त्याच्या स्वतःच्या निगेटिव्हवर मात्र पातूरच्या टेकडीच्या माथ्यावर ताऱ्यांच्या केसाइतक्या बारीक कमानी उमटल्या होत्या. त्याचं काळीज सुपाएवढं झालं.

गेल्या वर्षी अमरावतीच्या प्रदर्शनात सहदेवचा फोटो लागला, तेव्हापासूनचं हे दुखणं. अकोल्यात इतकी वर्षं स्टुडिओ देवानंदचा, आणि ज्याला त्यानेच कॅमेऱ्यात फिल्म भरायला शिकवलं, त्या झेंडूवाल्याच्या फोटोपुढे लोक थांबत होते. देवानंदने तोंडभरून कौतुक केलं आणि घरी येऊन जेवला नाही.

यंदा अवसेला सहदेवच्या मळ्यात दोघांनी कॅमेरे शेजारी लावले आणि शटर उघडी ठेवून बांधावर आडवे झाले. मध्येच देवानंदला जाग आली. त्याने आपल्या काचेच्या कडेला बोट लावलं, ती कोरडी होती. सहदेवची ओलसर लागली. एक हाक पुरली असती. तो गुपचूप कांबळीत शिरला आणि त्याला गाढ झोपही लागली.

आता सहदेव झेंडूची पिशवी घेऊन स्टुडिओत आला. आपली निगेटिव्ह त्याने पाहून खाली ठेवली, देवानंदची मात्र बराच वेळ उजेडासमोर धरली.

"तुही निगेटिव्ह वाचली, बरं झालं. मले वाटलं, उशीर झाला."

कसला उशीर, ते मग त्याने सांगितलं. त्याला जाग आली तेव्हा त्याची काच दवाने भरली होती, देवानंदच्या काचेवर नुकतंच बसू लागलं होतं. गुडघा शेकायला बायकोने मिठाची पुरचुंडी दिली होती. ती मळ्यातल्या चुलीवर तापवून, उबेने दव धरू नये म्हणून त्याने देवानंदच्या लेन्सच्या कडेला रुमालाने बांधली आणि पहाटे सोडून घेतली.

"पुरचुंडी एकच होती. माही तं गेलीच होती."

"मले उठवलं काहून नाही?"

"दिवसभराचा थकेल होता तू."

देवानंदला फोटोचा हेवा होता तोवर बरं होतं. आता त्याला त्या पुरचुंडीचा हेवा वाटत होता, आणि त्यावर काही इलाज नव्हता.

"तुले नाही आली ना जाग मधात?" सहदेवने सहज विचारलं.

"नाही."

सहदेवने स्टुडिओतल्या देवाच्या तसबिरीसाठी आणलेली पिशवी त्याच्या हातात दिली. पहाटे तोडलेली फुलं अजून ओली होती.