कप्तानाचे ठोके

मामाचं हृदय मधूनमधून एखादा ठोका गाळायला लागलं, तेव्हा त्यानं ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवली, मामीपासून लपवली आणि मैदानावरच्या गवताला सांगितली. गवतानं ती कुणाला सांगितली नसती. पण मामा गवताशी मोठ्यानं बोलतो, आणि मामी डबा घेऊन मागेच उभी होती.

मामा फुटबॉलच्या मैदानाचा माळी. गवतावर पाय ठेवायचा तर अनवाणी, हा त्याचा नियम. पायाला ओल कळते, बुटाला काय डोंबल कळतंय, असं त्याचं म्हणणं. खेळाडूंना तो बूट घालू देतो, कारण इलाज नाही. पण सामना संपेपर्यंत दातओठ खात बसतो. तणावर औषध मारतानाही त्याचे पाय उघडे, आणि पंप नीट चालतोय का हे बघायला पहिला फवारा स्वतःच्या तळहातावर. मग तोच हात शर्टाला पुसून बिस्कीट. पंप पाठीवर गळतो. घरात तण उगवायची शक्यता सर्वांत कमी असलेली जागा म्हणजे मामाची पाठ.

रविवारी अंतिम सामना होता आणि शुक्रवारी संध्याकाळी मामा शेवटची फवारणी करणार होता. मामीनं मला फोन केला.

"तुझ्या प्रयोगशाळेत विष-बिष तपासता ना? मग दाखव याला काहीतरी. डॉक्टरकडे चल म्हटलं तर अंगावर येतो, पण मासे बघायला येईल."

मासे हेच आमचं काम. तांदळाच्या कणीएवढी पिल्लं, काचेसारखी आरपार. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की पडद्यावर त्यांचं हृदय धडधडताना दिसतं. लोकांना जिवलगाच्या मनातलं ओळखता येत नाही. मला अनोळखी माशांच्या हृदयातलं दिसतं आणि वर पगारही मिळतो.

शुक्रवारी सकाळी मामा काखेत बाटली मारून हजर झाला.

"माझ्या औषधाला नावं ठेवायची असतील, तर माझंच औषध वापर. बाजारातलं चालणार नाही."

आमच्या मॅडमनी हातमोजे चढवले आणि बाटली चिमट्यात धरावी तशी धरली. मामाला हसू आलं.

"अहो मॅडम, हे तणाचं औषध आहे. मी काय गवत आहे?"

"त्याला कुठे कळतंय, काका? ते काय पानं मोजून आत शिरतं?"

औषधाचा जेमतेम अंश पाण्यात मिसळून आम्ही एका बशीत घातला. शेजारच्या बशीत साधं पाणी. दोन्हीकडे एकेक पिल्लू सोडलं. मामा पडद्यासमोर बसला, आणि हृदय दिसताच खुर्चीच्या टोकावर आला.

"अरे, हे तर पळतंय! काय दम आहे रे गड्याला! कोण हा?"

"औषधातला मासा, मामा."

"याला नाव नाही? मग हा कप्तान."

शास्त्रात माशाला कप्तान म्हणायची पद्धत नाही. मॅडमनी बशीवर 'कप्तान' अशी चिठ्ठी लावली.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत कप्तान झकास खेळला. मामानं डबा पडद्यासमोरच उघडला. घास हातात घेऊन तो ओरडत होता, "वा! वा! असाच!" ओरडा ऐकून रखवालदार आत आला, त्याच्या मागून झाडूवाल्या मावशी आल्या. त्या साध्या पाण्यातल्या माशाच्या बाजूनं होत्या.

आणि मग कप्तान अडखळला. ठोका, ठोका, काहीच नाही, ठोका.

मामाचा घास हातातच राहिला. "हे... हे असंच होतं मला."

मी मधे पाण्यात एक रंग घातला होता. पेशीच्या आत जाळपोळ सुरू असेल, तर तो हिरवा चमकतो. दिवे घालवले. साध्या पाण्यातला मासा जवळजवळ काळोखात होता. कप्तानाचं हृदय हिरवंगार पेटलेलं.

"ही कसली आग?" मामानं हळूच विचारलं.

"हृदयाला रजा नसते, मामा. म्हणून त्याच्या पेशींत वीजघरं खच्चून भरलेली. वीज बनते तेव्हा ऑक्सिजनच्या ठिणग्या उडतातच, आणि त्या विझवायला शरीरानं माणसं ठेवलेली असतात. तुझं औषध ठिणग्यांचा नुसता वर्षाव करतं. विझवणारे दमतात. मग वीजघरच जळायला लागतं आणि ठोक्यांचं वेळापत्रक कोलमडतं."

"मासा म्हणजे माणूस नव्हे," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यात नेमकं काय झालंय ते यावरून मी सांगणार नाही. ते डॉक्टरच सांगतील."

मामानं यातलं काहीही ऐकलं नाही. तो उठून उभा राहिला होता आणि माझ्यावर, म्हणजे त्याच्या 'प्रोफेसर'वर, ओरडत होता.

"बघत काय बसलाय, प्रोफेसर? बाहेर काढ त्याला! बदली कर!"

"मामा, प्रयोग..."

"खड्ड्यात गेला प्रयोग! कप्तान मरतोय!"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्याही आधी पिपेट घेऊन पुढे झाल्या होत्या. कप्तानाला अलगद ओढून साध्या पाण्यात सोडलं, पाणी बदललं, पुन्हा बदललं. सगळे पडद्याला चिकटले. ठोका. काहीच नाही. रखवालदारानं टोपी काढली.

"टोपी घाल आधी!" मावशी खेकसल्या. "मेलाय का तो?"

ठोका. मग ठोका. मग एक लंगडा ठोका, आणि त्याच्या पाठोपाठ एकदम ओळीनं, सरळ, धडधडधडधड! मॅडमनी किंकाळी फोडली. मावशींनी कप्तानाच्या बाजूला पक्षांतर केलं. रखवालदारानं मला उचललं. मामानं दोन्ही हात वर करून उडी मारली.

आणि खाली आला तो थेट स्टुलावर. चेहरा पांढरा, हात छातीवर.

"प्रोफेसर," तो म्हणाला, "आता माझी बदली."

हॉस्पिटल रस्त्यापलीकडेच होतं. रखवालदारानं त्याला चाकाच्या खुर्चीतून असा पळवला की गाड्यांनी आपणहून वाट दिली. डॉक्टरांनी अंगाला तारा लावल्या. कागदावर तीच अडखळणारी रेघ निघाली.

"वेळेवर आलात. हे औषधांनी आटोक्यात येईल," डॉक्टर म्हणाले. "कारण फवारणीच, असं मी आजच लिहून देणार नाही, पण संशय दाट आहे. यापुढे त्या रसायनाला हात लावायचा नाही. पायसुद्धा."

मामानं झोपल्याझोपल्या क्लबच्या सेक्रेटरींना फोन लावला.

"साहेब, आज फवारणी नाही. दुसऱ्या कुणाला पंप दिलात, तर मी या तारांसकट मैदानावर येईन."

पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. मामानं फोन एव्हाना धावत आलेल्या मामीला दिला. आरडाओरडा थांबला.

रविवारी हॉस्पिटलच्या टीव्हीवर आम्ही सामना पाहिला. गोलसमोर तणाचा एक गलेलठ्ठ झुपका उभा होता. मामानं तो पाहिला आणि शेजारच्या यंत्रावरचा ठोक्यांचा आकडा चढला. नर्स धावत आली. बरोबरी चालू असताना शेवटी शेवटी आमच्या पोरानं मारलेला अगदी पुचाट बॉल त्या झुपक्याला लागून उजवीकडे उडाला आणि त्यांचा गोलकीपर डावीकडे.

"गोल!" नर्सच पहिली ओरडली.

फोन वाजला. सेक्रेटरी रडत होते. "मामा, काय बुद्धी आहे तुमची! तो झुपका कायमचा राहू द्या. त्याला कुंपण घालू आपण."

"उपटणार," मामा म्हणाला. "हातांनी. हातमोजे घालून, गुडघ्यापर्यंत बूट चढवून."

मामीनं यंत्राकडे बोट दाखवलं. मामानं मान वळवून पाहिलं. रेघ एका लयीत उड्या मारत चालली होती, एकही ठोका न गाळता, आणि मामा खुर्चीत बसवा, खुर्चीत बसवा, असं नर्सच्या मागे लागला, कारण पडून राहून म्हणे यंत्रावरचा असला खेळ नीट बघता येत नाही.