पांढऱ्या मातीची दुलई

“आक्का, दोरी तुमीच धरा, आन् पयली ओळ तुमीच म्हणा,” शिवांजली म्हणाली. तिच्या लेकीचं आज बारसं होतं, आणि सास्तूरच्या त्या गल्लीत शांताक्कापेक्षा मोठी बाई उरली नव्हती. शेजारीण असली तरी मान तिचाच.

शांताक्कानं दोरी धरली आणि कुठला पाळणा म्हणायचा ते विचारलं. बायका हसल्या. ह्यात काय विचारायचं? त्या गायक कुलदीपचा. वर्षभरात जिल्ह्यातलं एकही बारसं त्या गाण्यावाचून झालं नव्हतं. हळदीत तर लोक त्यावर नाचतातसुद्धा. शिवांजलीनं रील काढायला कोनाड्यात मोबाईल उभा करून ठेवला होता.

शांताक्काच्या हातातली दोरी सैल पडली.

तो पाळणा नव्हताच. त्र्याण्णवच्या भूकंपात तिची दहा महिन्यांची नीलव्वा माळवदाच्या छपरावरच्या पांढऱ्या मातीखाली गेली. सोळा वर्षं वाट बघून झालेलं लेकरू. माणसं दगड उपसत होती आणि ही ढिगाऱ्याच्या कडेला बसून तिच्याशी बोलत होती. ओठावर पाळण्याचीच चाल बसलेली, म्हणून त्याच चालीवर. ‘पांढऱ्या मातीची दुलई, नीज नीज निलूबाई.’ तिसऱ्या दिवशी लेकरू सापडलं.

पुढं भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ती ते गुणगुणायची. शेजारणींचीही लेकरं गेलेली. त्या आपापली नावं घालून म्हणू लागल्या. पाळण्यात नाव बदलायचीच रीत आहे, त्यांना कशाला दोष द्यायचा? पण त्यांच्या वाचलेल्या लेकी सासरी गेल्या, त्यांनी ते जित्या लेकरांवर म्हटलं, आणि त्यातलं दुःख कुठल्या कुठं गळून गेलं. मग कुलदीप आला. त्यानं निलूबाईची सोनूबाई केली, पांढऱ्या मातीची काळी केली, कारण पांढरीत काही पिकत नाही, आणि व्हिडिओखाली ‘पारंपरिक’ असं लिहून मोकळा झाला. पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही. दोनशे वर्षांपूर्वी कुणा शेतकरी बाईनं पेरणीच्या आनंदात हे रचलं, असं तो मुलाखतीत छातीठोक सांगतो. लोहाऱ्याला त्याचा कार्यक्रम झाला तेव्हा शांताक्का भेटायला गेली होती. निलूचं नाव तेवढं परत घाल, एवढंच मागणार होती. त्यानं वाकून नमस्कार केला, फोटो काढून घेतला आणि तिनं तोंड उघडायच्या आत गाडीत बसला. किती चांगल्या वळणाचा मुलगा, असं सगळे म्हणाले.

नावाचं दुःख तिनं गिळलं होतं. पण आज पाळण्यात बारा दिवसांचं पोर डोळे मिचकावत पडलं होतं. तिनं शिवांजलीला बाजूला घेतलं.

“ह्ये नगं म्हणू, पोरी. म्या केलंय ह्ये. मेलेल्या लेकरावर केलंय.”

शिवांजली घाबरली. मग तिनं कोनाड्यातला मोबाईल घेऊन ‘पारंपरिक’ वाचून दाखवलं.

“आजच्या दिवशी आसलं बोलू न्हाय, आक्का,” ती समजुतीनं म्हणाली.

शिवांजलीची सासू भुवनेश्वरी भूकंपानंतर लग्न होऊन गावात आलेली. आक्काचं तवापासून असंच आहे, असं ती बायकांना हळूच सांगत होती. शेडमधली एकही बाई आता साक्षीला उरली नव्हती. कुणीतरी शांताक्काला पाण्याचा तांब्या दिला. दोरी भुवनेश्वरीनं घेतली.

मोबाईल परत कोनाड्यात उभा राहिला आणि गाणं सुरू झालं. बायकांचे गळे चांगले होते, हे तर आणखीच वाईट. दुलईची ओळ जवळ आली तशी शांताक्का उठली, पाळण्यात वाकली आणि बाळाला उचलून छातीशी धरलं. पदरानं त्याचे कान झाकले. म्हातारीला माया आली म्हणून बायका हसल्या. रील चालू होती, मध्येच थांबून कसं चालेल? भुवनेश्वरी दोरी ओढत राहिली.

शांताक्का बाळाला घेऊन उंबऱ्यापाशी गेली. मागं रिकामा पाळणा हलत होता आणि बायका त्याला नीज नीज म्हणत होत्या.