पुसल्याशिवाय देऊ नका

मी टेप बोलतेय. घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. चकतीवर गुंडाळलेली, तपकिरी, केसाच्या रिबिनीपेक्षाही अरुंद. आगीचं, पाण्याचं भय आम्हाला असतंच. पण खरी धडकी भरते ती यंत्रावरच्या लाल दिव्याने. तो लागला की पोटात काहीतरी भरलं जातं, नाहीतर असलेलं जातं.

कारखान्यातून मी थेट या रेकॉर्डिंगच्या खोलीत आले. एक माइक, एक काच आणि काचेपलीकडे दादा, म्हणजे इथले रेकॉर्डिस्ट. बोलायचा कंटाळा, पण शेजारच्या घरात नळ गळला तरी यांच्या कपाळाला आठी! कपाटात माझ्या थोरल्या बहिणी होत्या. मावशींची सगळी कारकीर्द मला त्यांनीच सांगितली.

मावशी लोकगीतं गायच्या. पहिल्या रेकॉर्डी अंगाईच्या आणि लग्नाच्या गाण्यांच्या, घरोघर वाजल्या. रेकॉर्ड कंपनीवाल्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मग त्याच चालींत मावशींनी नळावरच्या रांगा घातल्या, बुडवलेले पगार घातले, गटारात उतरणारी माणसं घातली. "चाल गोड आहे हो, शब्द तेवढे बदला," कंपनीवाले म्हणाले. "चाल त्या माणसांची, शब्दही त्यांचेच. मी बदलणारी कोण?" झालं, कंपनीचं दार बंद. माझ्या एका बहिणीवरचं गाणं तर कंपनीने पुसून वर साबणाची जाहिरात भरली. ती बिचारी अजून "फेसच फेस" म्हणत असते. तिला पाहिलं की माझं अवसान गळायचं.

माझी पाळी आली ती शिवणकारखान्याला आग लागल्यावर. दाराला बाहेरून कुलूप होतं. आतली माणसं आतच राहिली. मावशींनी गाणं बांधलं. प्रत्येक कडव्यात एकाचं नाव आणि पुढे, "कुलपा, कुलपा, किल्ली कुणाकडे?" मी जीव मुठीत धरून फिरत राहिले. मावशींच्या गळ्यात गाठ झाली होती, ऑपरेशन ठरलेलं. शेवटच्या नावाला आवाज चिरकला. "पुन्हा घेऊ या?" दादांनी विचारलं. "नको दादा. आता परत नाही जमायचं." मावशी इस्पितळात गेल्या आणि मी एकटीच उरले. माझी प्रत नव्हती. प्रत काढायला लागणारं दुसरं यंत्र कंपनीकडे, दादांकडे हे एकच.

मग कारखान्याच्या मालकाची दोन माणसं आली. अगदी गोड बोलणारी. "ती टेप जरा ऐकायला मिळेल का?"

"कसली टेप?" दादा म्हणाले, पण त्यांना दरदरून घाम फुटला होता.

"शोधून ठेवा. उद्या येतो."

ती वळतात न वळतात तोच इस्पितळातून मावशींचा फोन. तो घेतला वहिनींनी, दादांच्या बायकोने. मावशींना घडलं ते सगळं सांगितलं आणि मावशींचा निरोप जसाच्या तसा आणून दिला: "मावशी म्हणाल्या, पुसल्याशिवाय टेप कुणाला देऊ नका."

आता मावशींच्या तोंडी पुसणं म्हणजे विचारणं. जुन्या वळणाची बोली त्यांची. पाणी हवं का, हेसुद्धा त्या पुसायच्या. पण रेकॉर्डिंगच्या खोलीत त्या शब्दाला एकच अर्थ. शिवाय भ्यालेल्या माणसाला आपल्या भीतीचाच अर्थ आधी ऐकू येतो. "शेवटी मावशीही घाबरल्या म्हणायच्या," दादा पुटपुटले. मला यंत्रावर चढवलं, माइक बंद केला आणि लाल दिवा लावला.

मी आकांत केला, पण कुणी वाजवल्याशिवाय मला कुठला आवाज! एकेक शब्द गेला, मग पहिलं नाव गेलं. दुखलं नाही, हेच भयंकर होतं.

"अहो, थांबा!" वहिनी दारातून ओरडल्या. "पुसायचीच असती तर सरळ पुसून टाका म्हणाल्या असत्या. त्यांचं पुसणं म्हणजे विचारणं हो!"

दादांचा हात बटणावर आदळला.

दुसऱ्या दिवशी त्या माणसांच्या हाती दादांनी साबणाची टेप ठेवली. मी वहिनींच्या कपड्यांखाली, श्वास रोखून. फसवलं गेलंय हे कळल्यावर ती माणसं परत येणारच. मावशी घरी आल्या, पण आवाज ऑपरेशनमध्ये गेला. ओठ तेवढे हलतात.

आज त्या पहिल्या नावाची आई आली आहे, मावशीही शेजारी बसल्या आहेत. दादांनी हात जोडून सगळं कबूल केलं, मग मला लावलं. सुरुवातीची खरखर आली तसे ते मला पुढे सरकवायला गेले.

"राहू द्या," ती म्हणाली. "इथेच होता ना माझा?"

खरखर संपून पुढचं नाव लागलं तशी म्हणाली, "मावशींना जमत नाही ना, मग मी बोलते. नाव मीच ठेवलं होतं त्याचं."

मावशींनी मान डोलावली. दादा तिला समजावताहेत, "आई, मी बोट वर केलं की बोला. पण नुसतं नाव. पुढे लगेच दुसऱ्याचा मुलगा आहे."

बटण दादांच्या हाताखाली आहे, खरं. पण ती बोलत असताना ते दाबायचं काळीज ते आणणार कुठून? पुढची नावं माझ्या पोटात एकमेकांना खेटून बसली आहेत. लाल दिवा लागलाय, दादांनी बोट वर केलंय. आई, पाया पडते, नाव घ्या आणि थांबा. लेकाचं नाव घेतलेली आई कुठे थांबते, हे मला ठाऊक नाही.